लाल-निळ्या पेन्सिलीचं देणं

चित्रपट-परीक्षण लिहायला कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की दोन-तीन वजनदार समीक्षकांची नावं सांगून मोकळं होता येतं. मीही तसं केलेलं आहे. खरं उत्तर थोडं अडचणीचं आहे. परीक्षण कसं वाचावं हे मला लंडनमधल्या एका कात्रण-कचेरीतल्या मुख्य बाईंनी शिकवलं, आणि त्यासाठी त्यांनी ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ नावाचा एक प्रेमविनोदी चित्रपट वापरला. लिहिणं पुढे त्या वाचण्यातूनच आलं. बाईंनी स्वतः जन्मात एक ओळ छापायला दिली नाही. त्यांचं नाव कुठल्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत नाही, आणि त्यांच्या स्वभावाला धरून मी ते इथेही लिहिणार नाही. पण देणं आहे ते आहे.

कात्रण-कचेरी म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. प्रकाशक, चित्रपट-वितरक, बँका, औषध कंपन्या, अधूनमधून एखादा पुढारी, अशी गिऱ्हाईकं पैसे भरत; त्यांच्याविषयी देशातल्या कुठल्याही वर्तमानपत्रात काही छापून आलं की ते कापून, त्यावर पत्राचं नाव, तारीख आणि पानाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी डकवून सकाळी त्यांच्या टेबलावर पोचवायचं. पहिल्या आवृत्त्यांचे गठ्ठे रात्री येत. एका टेबलावर वाचणारे, दुसऱ्यावर कापणारे. वाचणाऱ्यांच्या डोक्यात गिऱ्हाइकांची यादी पाठ असे. डोळा रकान्यावरून खाली सरकत जाई आणि नाव दिसलं की पेन्सिलीची खूण. कापणाऱ्यांच्या हातात पातं आणि पोलादी पट्टी. एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंना कामाचा मजकूर आला तर दुसरी प्रत काढायची. ‘टाइम्स’, ‘गार्डियन’, ‘टेलिग्राफ’, ‘इंडिपेंडंट’ ही सगळी पत्रं तेव्हा मोठ्या आकाराची होती. दोघांनी शेजारी बसून पानं उघडली की कोपराला कोपर लागे. पहाटेपर्यंत तळहात काळे होत, आणि ती शाई साबणानं जात नसे.

लग्न होऊन मी मिरजेहून लंडनला गेले ती शिवाजी विद्यापीठाची इंग्रजीची एम. ए. घेऊन. वर्ड्सवर्थ समजत होता, बसचा कंडक्टर समजत नव्हता. बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची. म्हणून जिथे बोलावं लागणार नाही असं काम शोधलं आणि कापणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसले. माझा हात हळू चाले. सगळ्यांना वाटायचं, नवीन आहे, पात्याला भिते. बाईंनी काही रात्री नुसतं पाहिलं आणि मग येऊन म्हणाल्या, “तू कापता कापता वाचतेस. कापणाऱ्यानं वाचायचं नसतं. वाचायचंच असेल तर पलीकडच्या टेबलावर बस, तिथे पैसेही जास्त आहेत.” मला इंग्रजी बोलायला जमत नाही, असं मी कसंबसं सांगितलं. “वर्तमानपत्राशी बोलावं लागत नाही,” त्या म्हणाल्या आणि माझी खुर्ची स्वतः ओढत घेऊन गेल्या.

बाई साठीच्या आसपासच्या. उत्तर इंग्लंडकडच्या, कापड गिरणीतल्या कामगारांच्या घरातल्या. शाळा लवकर सुटलेली, सोळाव्या वर्षापासून कात्रणांच्या धंद्यात. लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं त्यांना चालत नसे. एक मांजर, एक खोली, खिशात कायम एक दुटोकी पेन्सिल: एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळी. आमच्याकडे परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या मास्तरांकडे असायची तशीच. या पेन्सिलीकडे मी येतेच.

ब्रिजेट जोन्सची ओळखही त्यांनीच करून दिली. १९९५च्या फेब्रुवारीत ‘इंडिपेंडंट’मध्ये एक साप्ताहिक सदर सुरू झालं होतं. लेखिकेचं नाव नाही. तिशीतली, एकटी राहणारी, लंडनमध्ये नोकरी करणारी एक बाई आपली रोजनिशी लिहिते आहे, एवढंच. लोकांना ती खरीच बाई वाटली. लेखिका होत्या हेलन फील्डिंग. १९९६ मध्ये पिकाडोरनं त्याची कादंबरी छापली आणि १९९८ मध्ये तिला ब्रिटिश बुक अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला. बाईंनी मला आपली प्रत दिली. पानांवर चहाचे डाग होते. “इथल्या बायका एकमेकींत काय बोलतात ते तुला कळेल,” म्हणाल्या.

पहिल्याच पानावर मी अडखळले, कारण तिथे आकडे होते. आज वजन किती, दारूची मापं किती, सिगारेटी किती, उष्मांक किती. रोजच्या नोंदीच्या डोक्यावर हा हिशेब, आणि त्याखाली आयुष्याची तारांबळ. वजन नऊ स्टोनच्या आसपास, म्हणजे साठ किलोच्या आत-बाहेर. मिरजेच्या माझ्या मावशांनी या पोरीला ‘जरा अंगावर मांस येऊ दे’ म्हणून डिंकाचे लाडू दिले असते. मी तसं सांगितल्यावर बाई हसल्या आणि म्हणाल्या, “तेच तर आहे. ती जाड आहे असं पुस्तकात दुसरं कोण म्हणतंय ते शोध.” मी शोधलं. मुख्यतः तीच म्हणते. विनोद सगळा तिथे आहे: आकडे साधे आहेत, आणि त्यांवरून चाललेला आकांत अफाट.

एम. ए.ला जेन ऑस्टिन होती म्हणून दुसरी गंमत मला आपली आपण सापडली. नायकाचं नाव मार्क डार्सी. पहिल्या भेटीत तोऱ्यात, शेवटी भला. मधला गोडबोल्या डॅनियल क्लीव्हर म्हणजे सरळ ऑस्टिनचा विकहॅम. १९९५ मध्येच बीबीसीनं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची मालिका केली होती, त्यात कॉलिन फर्थ डार्सी झाला होता आणि अर्धा देश त्याच्या प्रेमात पडला होता. फील्डिंगबाईंनी तो डार्सी उचलून आपल्या पुस्तकात आणला. पुढे चित्रपटात मार्क डार्सीच्या भूमिकेला पुन्हा कॉलिन फर्थच घेतला, आणि पटकथा लिहिणाऱ्या तिघांत त्या मालिकेचे लेखक अँड्र्यू डेव्हिसही होते. हा खेळ मला कळला याचा बाईंना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्या रात्री चहाच्या सुटीत त्यांनी टेबलावरच्या सगळ्यांना तो माझ्याकडून ऐकवायला लावला. इंग्रजीत. घसा कोरडा पडला, पण मी सांगितलं. लोक हसले ते विनोदाला. परक्या देशात हा फरक लहान नसतो.

पुस्तकातल्या ब्रिजेटला एक भीती आहे: आपण एकट्याच मरणार आणि तीन आठवड्यांनी, कुत्र्यानं अर्धंमुर्धं खाल्लेल्या अवस्थेत सापडणार. बाईंना मी भीतभीत विचारलं, हे वाचून तुम्हाला काय वाटतं? “माझ्याकडे मांजर आहे,” त्या म्हणाल्या, “ते तीन आठवडे थांबणार नाही.”

चित्रपटाच्या कात्रणांचा पूर आला तो चित्रपट तयार व्हायच्याही आधी. ब्रिजेटची भूमिका रेने झेल्वेगरला मिळाल्याचं जाहीर झालं आणि वर्तमानपत्रांनी डोकं फिरल्यासारखं केलं. टेक्सासची बाई! आमची ब्रिजेट! ही काय बोलणार, ही काय खाणार! या काळातली एक गोष्ट मला फार आवडते, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. तयारीसाठी झेल्वेगर लंडनला आली आणि खोट्या नावानं पिकाडोरच्याच प्रसिद्धी विभागात काही आठवडे नोकरी करत राहिली. कुणी फारसं ओळखलं नाही. तिथे तिच्याकडे वर्तमानपत्रांतली कात्रणं काढण्याचं काम होतं, आणि त्यांत तिच्याच निवडीवर झोड उठवणारे मजकूर होते. ते तिनं निमूटपणे कापून फायलीला लावले. उच्चारांसाठी बार्बरा बर्करी नावाच्या शिक्षिकेबरोबर ती महिनोन्महिने बसली, दहा किलोच्या आसपास वजन वाढवलं, आणि चित्रीकरण संपेपर्यंत कॅमेऱ्याबाहेरही इंग्रजी ढंगानंच बोलत राहिली. बाईंनी हे वाचलं तेव्हा त्यांच्या मनातली बाजू ठरून गेली. कात्रणं कापणारी ती आपली.

एप्रिल २००१ मध्ये चित्रपट लागला आणि पेन्सिल बाहेर आली.

वितरकासाठी कापायच्या परीक्षणांच्या जास्तीच्या प्रती उरत. पहाटे काम संपलं की बाई त्यातल्या एकेकीवर बसत आणि मलाही बसवत. रीत साधी होती. नटीच्या अंगाविषयी, म्हणजे तिचं वजन, गाल, मांड्या, तिनं काय खाल्लं, शूटिंगनंतर किती दिवसांत उतरवलं, यांविषयी जे वाक्य असेल त्याखाली लाल रेघ. चित्रपटाविषयी, म्हणजे प्रसंग कसा रचला, संवाद कसा पडला, कोण कुणासमोर कमी पडलं, गोष्ट कुठे घसरली, यांविषयी असेल त्याखाली निळी. दोन्ही नसेल ते कोरं. मग कागद हातभर लांब धरून पाहायचं. परीक्षण चांगलं आहे की वाईट, कौतुकाचं की झोडपणारं, याच्याशी बाईंना कर्तव्य नव्हतं. “लाल जास्त झालं,” त्या म्हणायच्या, “की समजायचं, या गृहस्थानं पडदा पाहिला, चित्रपट पाहिला नाही.”

लाल भरपूर निघे. आणि गंमत अशी की कौतुकाच्या परीक्षणांत ते जास्त निघे. एकंदरीत चित्रपटाचं स्वागत चांगलंच झालं होतं. ज्या उच्चारांवरून रान उठलं होतं त्यांना बहुतेकांनी मुकाट्यानं मान्यता दिली. अमेरिकेत शिकागोच्या रॉजर ईबर्टनी चारांपैकी साडेतीन तारे दिले. ह्यू ग्रँटनं आपल्या नेहमीच्या भिडस्त, अडखळत्या तरुणाला सुटी देऊन चक्क लबाड माणूस उभा केला, याचंही कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण नायिकेचं कौतुक करताना लेखणी तराजूपाशी जाऊन थांबत होती. किती शूर, केवढं वजन वाढवलं! जसं काही अभिनय किलोवर मोजतात.

बाईंनी शिकवलं त्यातलं सगळ्यात मोठं ते इथे आहे, म्हणून जरा रेंगाळते. कादंबरीत ब्रिजेट आपल्याला कधीच दिसत नाही. ती बोलते, आपण ऐकतो. तिचं शरीर म्हणजे एक आकडा, आणि तो आकडा तिनंच लिहिलेला. वाचणारी प्रत्येक बाई त्या आकड्याच्या जागी आपला आकडा घालते आणि हसते. चित्रपटात हे शक्यच नाही. तिथे एका खऱ्या बाईला खऱ्या अंगानं उभं राहावं लागतं. ‘मी’ची ‘ती’ होते. रोजनिशी लिहिणारी होती, ती आता पाहिली जाणारी झाली. कादंबरीवरून चित्रपट करताना काय गाळलं, काय बदललं, याच्या याद्या सगळे देत होते. पुस्तकात ब्रिजेटची आई जूलिओ नावाच्या पोर्तुगीज भामट्याबरोबर पळते आणि लोकांचे पैसे बुडतात, मग डार्सी ते निस्तरतो. चित्रपटात तिला दूरचित्रवाणीवर माल खपवणारा एक ज्यूलियन मिळतो आणि भानगड घरातल्या घरात मिटते. दोन नायकांची रस्त्यावरची ती बावळट, अप्रतिम मारामारी पुस्तकात नाही. हे सगळं खरं, पण हे फरक दुय्यम आहेत. माध्यम बदलल्यामुळे मूळ विनोदच जागचा हलला होता, आणि परीक्षकांनी तो हललेला ओळखायच्या ऐवजी स्वतःच वजनकाटा हातात घेतला. बाईंनी हे असं शास्त्रशुद्ध मांडलं नाही. त्या म्हणाल्या, “पुस्तकात ती स्वतःला मोजते. इथे हे लोक तिला मोजताहेत. तेवढाच फरक आहे, आणि तो सगळा आहे.”

रात्रपाळीच्या सगळ्यांना घेऊन त्या एका दुपारी चित्रपटाला गेल्या. तिकिटं त्यांनी काढली. आम्ही अर्धे झोपेत होतो आणि तरी मोठ्यानं हसलो. ब्रिजेटचं घर बरो मार्केटमधल्या एका पबच्या वर दाखवलं आहे. तिथली गल्ली आमच्यातल्या एकाच्या रोजच्या वाटेवरची, तो दर वेळी कोपरानं शेजाऱ्याला ढोसत होता. ती ज्या प्रकाशनसंस्थेत काम करते तिचं नाव पेंबर्ली प्रेस. पेंबर्ली म्हणजे ऑस्टिनच्या डार्सीचा वाडा. इथे मी ढोसलं.

एक प्रसंग मात्र मला तेव्हापासून डोक्यातून काढता आलेला नाही. पुस्तकाच्या प्रकाशनाचा समारंभ आहे. ब्रिजेटला ध्वनिक्षेपकासमोर ढकललंय. समोरचं पुस्तक आपल्या काळातलं सर्वश्रेष्ठ पुस्तक आहे असं ती म्हणून जाते, आणि मग तिच्या लक्षात येतं की समोर सलमान रश्दी उभे आहेत आणि जेफ्री आर्चरही. दोघेही खरे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून ती सारवासारव करू लागते आणि आणखी चिखलात रुतते. पुढे रश्दींशी गाठ पडल्यावर साहित्यावर काहीतरी मोलाचं बोलायला जाते आणि तोंडातून प्रश्न निघतो तो स्वच्छतागृह कुठे आहे याचा. मुंबईत जन्मलेला, बुकर मिळालेला हा लेखक एका ‘हलक्याफुलक्या’ चित्रपटात स्वतःची अशी फिरकी घेऊ देतो, याचं मला अप्रूप वाटलं. बाईंना त्यात वेगळं दिसलं. कुठलं पुस्तक थोर, कुठलं सुमार, हा निवाडा भर सभेत करायला लावला की माणसाची कशी भंबेरी उडते, हे चित्रपटानं आधीच दाखवून ठेवलं आहे. मग परीक्षक त्याच सभेत उभे राहून तेच करतात. “त्यांनी तो प्रसंग जांभई देताना पाहिला असेल,” असं त्यांचं मत.

शेवट त्यांना आवडला नव्हता. मला आवडला होता, अजूनही आवडतो. डार्सीच्या हाती ब्रिजेटची डायरी लागते, तिनं त्याच्याविषयी लिहिलेलं वाईटसाईट तो वाचतो आणि निघून जातो. ती थंडीत, बर्फात, अर्ध्या कपड्यांत त्याच्यामागे धावते. तो तिच्यासाठी कोरी डायरी आणायला गेलेला असतो. रिचर्ड कर्टिसही पटकथाकारांत होते, आणि ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’, ‘नॉटिंग हिल’नंतर अशा शेवटाची सगळ्यांना सवय झाली होती. बाईंचा आक्षेप नेमका होता. दुसऱ्याची डायरी न विचारता वाचली, हा त्याचा गुन्हा. क्षमा मात्र तिनं मागायची, तीही चड्डीवर. आणि मोठेपणा म्हणून तो तिला नवी वही देणार! “माझी जुनी कुठे वाईट होती?” असं त्यांनी चित्रगृहाच्या पायऱ्यांवर इतक्या मोठ्यानं विचारलं की पुढे चाललेल्या एका जोडप्यानं वळून पाहिलं. मी म्हणाले, बाई, प्रेमविनोदात एवढं चालतं. त्या म्हणाल्या, “चालतं, म्हणूनच निळी रेघ मारते आहे. हा चित्रपटावरचा आक्षेप आहे.”

त्या उन्हाळ्यात आणखी एक भडका उडाला. रेडिओवर बोलताना बेरिल बेनब्रिज या थोर कादंबरीकार बाईंनी अशा तरुणींच्या विनोदी कादंबऱ्यांना फेस म्हटलं, आणि डोरिस लेसिंगनी त्यांना दुजोरा दिला: सारख्या पिणाऱ्या, वजनाची काळजी करणाऱ्या असहाय पोरींऐवजी बायकांनी आपलं खरं आयुष्य लिहावं. त्याच्या आधी, १९९८ मध्ये, अमेरिकेच्या ‘टाइम’नं स्त्रीवाद मेला की काय असा सवाल मुखपृष्ठावर टाकला होता आणि आतल्या लेखात ब्रिजेटलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. ‘टाइम’चं काही नाही, पण लेसिंग म्हणजे बाईंचं दैवत. ‘द गोल्डन नोटबुक’ त्यांनी तरुणपणी वाचलेलं, तेही पैसे साठवून विकत घेऊन. कात्रण समोर होतं, पेन्सिल हातात होती, आणि बराच वेळ रेघ उमटेना. मला वाटलं, आता लाल. शेवटी त्यांनी निळी ओढली. “चुकताहेत,” म्हणाल्या, “पण पुस्तकाबद्दल चुकताहेत.” प्रतिपक्षाला एवढा न्याय देणारा समीक्षक मला त्यानंतर फार थोड्या वेळा भेटला, आणि मी पुष्कळ समीक्षक पाहिले.

लेसिंगबाईंशी माझं मात्र अजून भांडण आहे. आपलं खरं आयुष्य म्हणजे गंभीर आयुष्य, असं कुणी ठरवलं? माझ्या आईच्या डायरीत, म्हणजे दुधाच्या हिशेबाच्या वहीत, समासात वाक्यं होती. ‘आज दोन पोळ्या कमी.’ ‘गुडघा.’ ‘यांना सांगितलं नाही.’ आयुष्य यापेक्षा खरं कसं असतं, मला ठाऊक नाही.

चित्रपटानं अडीच कोटी डॉलरच्या खर्चावर जगभरात अठ्ठावीस कोटींच्या आसपास मिळवले. झेल्वेगरला ऑस्करचं नामांकन मिळालं. प्रेमविनोदातल्या भूमिकेला ते सहसा मिळत नाही. पुरस्कार हॅली बेरीला गेला. दिग्दर्शिका शॅरन मग्वायरचा हा पहिलाच चित्रपट होता आणि ती फील्डिंगबाईंची जुनी मैत्रीण. कादंबरीतली तोंडाळ शॅझर तिच्यावरूनच बेतलेली. आमच्या टेबलावर आलेल्या कात्रणांत दिग्दर्शिकेच्या कामाला वाहिलेली निळी वाक्यं इतकी थोडी होती, की बाईंनी ती कापून एका वेगळ्या पाकिटात ठेवली. पाकीट पातळच राहिलं.

आम्ही भारतात परतलो तेव्हा बाईंनी निरोपाला मला जास्तीच्या प्रतींची ती सगळी फाइल दिली. लाल-निळ्या रेघांसकट. पुण्यात एका छोट्या नियतकालिकाला चित्रपटांवर लिहिणारं माणूस हवं होतं. मी नमुना म्हणून काय देणार? त्या फाइलीवरून एक लेख लिहिला आणि तो छापून आला. तेव्हापासून लिहिते आहे. स्वतःच्या प्रत्येक मजकुरावर आधी पेन्सिल फिरवते. कितीदा तरी परिच्छेद फाडून टाकावा लागतो.

२०१३ मध्ये ‘दुनियादारी’ आला तेव्हा ही शिकवण फार उपयोगी पडली. सुहास शिरवळकरांची कादंबरी वाचनालयांतून पिढ्यांनी फाटेपर्यंत वाचली. प्रतिष्ठित समीक्षेनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते २००३ मध्ये गेले, म्हणजे चित्रपटाचं यश त्यांनी पाहिलं नाही. चित्रपट तुफान चालला आणि कादंबरीचे भक्त बदलांवरून चिडले. परीक्षणं वाचताना माझ्या लक्षात आलं की इथे लालची जागा दुसऱ्याच एका रेघेनं घ्यायला हवी: लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या कॉलेजच्या आठवणी. त्या वजा केल्या की चित्रपटाविषयी चार-दोन ओळी उरत होत्या. बाईंना हे पत्रानं कळवलं. उत्तर आलं, “बरोबर. तिसरा रंग विकत घे.”

त्यांचं शेवटचं टपाल २०१६च्या उन्हाळ्यातलं. मधल्या काळात दुसरा चित्रपट येऊन पडला होता आणि तिसरा येऊ घातला होता. त्याची नुसती झलक पाहून ‘व्हरायटी’च्या एका समीक्षकानं लेख लिहिला: झेल्वेगर आता पूर्वीसारखी दिसत नाही, मग ती तीच अभिनेत्री राहिली का? चित्रपट लागायचा होता. त्यावर झेल्वेगरनं शांतपणे लेखी उत्तर दिलं, बायकांच्या दिसण्यावर चालणाऱ्या या धंद्याविषयी. बाईंनी दोन्ही मजकूर पाठवले होते. पहिल्यावर वरपासून खालपर्यंत लाल, रेघा एकमेकींत मिसळलेल्या. दुसऱ्यावर काहीच नाही, फक्त समासात, थरथरत्या अक्षरात, “हिनं कात्रणं कापली होती, विसरू नकोस.” पुढच्या वर्षी बाई गेल्या. घरमालकिणीला दुसऱ्याच दिवशी कळलं. मांजराला संधी मिळाली नाही. हा विनोद माझा नाही, त्यांनी तो आधीच करून ठेवला होता, मी फक्त पूर्ण केला.

२०२५ मध्ये चौथा चित्रपट आला. ब्रिजेट आता विधवा आहे, दोन मुलांची आई आहे, डार्सी गेलेला आहे. २०१३च्या कादंबरीत फील्डिंगबाईंनी त्याला मारलं तेव्हा वाचकांनी केवढा गहजब केला होता. मी परीक्षणं गोळा केली, आता पडद्यावरच, छापून घेऊन. लाल पूर्वीपेक्षा कमी निघालं. पण वजनाची जागा सुरकुत्यांनी घेतली आहे, तेव्हा फार आनंद मानायचं कारण नाही.

ज्यांनी यातलं काहीच वाचलं-पाहिलं नाही त्यांच्यासाठी: आधी १९९६ची कादंबरी वाचा, मग २००१चा चित्रपट पाहा, मग २०२५चा. तिसरा वेळ असेल तर. दुसरा नाही पाहिलात तरी चालेल. त्याला बऱ्याच समीक्षकांनी झोडपलं होतं, आणि त्या परीक्षणांवर बाईंनी जवळजवळ सगळीकडे निळी रेघ मारली आहे.